माझ्या लिंबांचं लोणचं

मेधा, तू मला फसवलंस. लिंबं माझी, लोणचं तुझं आणि बरण्या गावभर. त्या बरण्यांच्या तोंडाला बांधलेलं कापडसुद्धा माझ्याच दुकानातलं. समोरच्याच्या चपला बघून खिशाचा अंदाज घेणारी बाई मी, पण इतकी वर्षं हा व्यवहार माझ्या नाकासमोर चालला आणि मला पत्ता लागला नाही.

तुझे विद्यार्थी तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढतायत. त्यांच्यातली एक मुलगी परवा दुकानात आली आणि म्हणाली, “काकू, मॅडमबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या ना.” मी म्हटलं, “चांगले शब्द लिहिणारे तुला पुष्कळ भेटतील. मी भांडणार आहे तिच्याशी. चालेल?” तिनं वही मिटली, स्टूल पुढे ओढलं आणि विचारलं, “कशावरून भांडण? सुरुवातीपासून सांगा ना.” पोरीनं बोलायची पद्धत तुझ्याकडून उचललीय. स्टूल ओढायचीसुद्धा. मला एकदम असा राग आला की मी तिला चहा न देताच पाठवली. नंतर वाईट वाटलं, पण ते नंतर.

तू कुठे शिकलीस, किती वर्षं मानसशास्त्र शिकवलंस, ते बाकीचे लिहितील. मी आपल्यातलं लिहिते.

तू पहिल्यांदा आलीस ती पडद्यांसाठी. ठाण्याच्या नौपाड्यातली बाई डोंबिवलीला पडदे घ्यायला का आली, हाच माझा पहिला संशय. इकडे कुठल्याशा कॉलेजात भाषण होतं, ते संपवून सहज चढलीस दुकानाची पायरी. मी निळा तागा काढला, उलगडला आणि सवयीनं म्हटलं, “ताई, जरा हे टोक धरता का?” तू धरलंस. मी दुसरं टोक घेऊन मागे मागे दारापर्यंत गेले. कापड उजेडात दाखवायची माझी रीत आहे ती.

“तुम्ही प्रत्येकाला टोक धरायला लावता?” तू विचारलंस.

“मग? चार हात कुठून आणू?”

“तुमच्या मदतनीस बाई बसल्यात की तिकडे. शेंगा खातायत.”

ते खरं होतं. सासरी कुणाचा आधार नव्हता तेव्हा मी बिल्डिंगी-बिल्डिंगीत फिरून गाऊन विकलेत. जी बाई गाऊन हातात घेऊन माझ्याबरोबर घडी घालू लागायची, ती बहुतेक वेळा घ्यायचीच, एवढं मला तेव्हापासून ठाऊक होतं. का घ्यायची, ते ठाऊक नव्हतं. तू टोक हातात धरूनच सांगितलंस, “आपण ज्याच्यासाठी छोटंसं काम करतो, तो माणूस आपल्याला आवडायला लागतो. मन स्वतःलाच समजावतं, मी याच्यासाठी हात हलवला म्हणजे हा बरा असणार. यावर लोकांनी अभ्यास केलेत.”

“मग मी बरी वाटायला लागले का तुम्हाला?”

“लागलात. म्हणून आता टोक सोडते आणि भाव करते.”

भाव तुला करता येत नव्हता. आधीच सांगून बसलीस की रंग फार सुंदर आहे. असं कुणी बोलतं? माल कितीही आवडला तरी नाक मुरडायचं असतं. मी तुला तेव्हाच तसं सांगितलं आणि सांगून झाल्यावर माझ्याच भावात माल दिला.

पडदे शिवून न्यायला आलीस तेव्हा म्हणालीस, “एक काम सांगू? मला बाजारात फसवतात. तुम्ही कल्याणच्या घाऊक बाजारात जाता म्हणालात. लोणच्याची लिंबं आणून द्याल? पातळ सालीची.”

मी आणली असती का नसती, हा प्रश्नच नव्हता. ठाण्याच्या कुणा प्रोफेसरबाईनं मला काम सांगितलं, ‘मला हे जमत नाही, तुम्हाला जमतं’ असं म्हणून, हेच मला इतकं भिडलं. तोवर लोकांनी मला फक्त भाव पाडून मागितला होता. आमचं दुकान सोमवारी बंद. सोमवारी सकाळी मी कल्याणला गेले, लिंबूवाल्याशी त्याची आई-बहीण मध्ये न आणता जेवढं भांडता येतं तेवढं भांडले, एकेक लिंबू हातात घेऊन साल दाबून पाहिली आणि पिशवी घेऊन थेट तुझ्या घरी. तू एक लिंबू नाकाशी धरलंस आणि म्हणालीस, “अशी लिंबं मला कुणीच आणून दिली नव्हती.”

मेधा, दुकानात मी हेच करते. टोक धरायला लावते. आणि तू माझ्या हातात अख्खं टोक दिलंस, मी ते धरून वर्षानुवर्षं नौपाड्यापर्यंत चालत राहिले आणि मला एकदाही वाटलं नाही की पलीकडे कुणी कापड मोजतंय.

मग सोमवार ठरूनच गेला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते आठवत नाही, पण पहिल्यांदा मीच म्हटलं असणार, रागाच्या भरात. मी स्वयंपाकघरातल्या लाकडी पाटावर बसायचे, तू लिंबं पुसायचीस, तुझे यजमान, माझे भाऊजी, मधूनमधून दारात येऊन “माझा चहा?” असं विचारून जायचे. मी दुकानातली भांडणं सांगायचे आणि तू प्रत्येक भांडणात कुठलातरी अभ्यास शोधून काढायचीस. पुस्तकातलं पुस्तकात ठेवायची तुला सवय नव्हती. तू ते माणसांना लावून बघायचीस, जशी मी पडद्याला अस्तर लावून बघते.

केतकीचंच घे. माझी मुलगी ऑफिसात टीमची प्रमुख झाली. घरात शिरताच मला म्हणाली, “आई, मला प्रमोशन मिळालं.” मी म्हटलं, “पगार वाढवला की नुसतं नाव वाढवलं?” ती खोलीत गेली ती जेवायलाच बाहेर आली. सोमवारी तुला सांगितलं, तर तू कपाळाला हात लावलास.

“अगं, ती माल विकायला आली नव्हती.”

“मग काय करायचं होतं? आरती?”

“विचारायचं होतं. कसं कळलं, तेव्हा तू कुठे होतीस, कुणी सांगितलं, तू काय म्हणालीस. माणूस दुःखात कोण आलं ते लक्षात ठेवतो असं आपल्याला वाटतं. पण चांगली बातमी आणली तेव्हा समोरच्यानं काय केलं, यावर नातं जास्त टिकतं. बातमी पुन्हा एकदा जगू द्यायची त्याला. एवढंच.”

घरी जाऊन मी ते प्रश्न विचारले, पाढे म्हटल्यासारखे, एकामागून एक. केतकीनं आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि मग जी सुरू झाली ती कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या, भाताचा पार लगदा. तोवरच्या तिच्या सगळ्या वर्षांत ती माझ्याशी एवढी बोलली नव्हती. हे मी तुझ्या खात्यात लिहिते. नाही लिहिलं तर खोटं होईल.

पण पुढचंही लिहिते. केतकी लग्न होऊन वर्तकनगरला गेली. तुझं घर तिला रिक्षाच्या अंतरावर. एका सोमवारी मी लिंबं घेऊन आले, येताना रस्त्यातच तिचा फोन आलेला, मी आजी होणार म्हणून. मी धावतच जिना चढले. तुला सांगितलं. तू हसलीस, छान हसलीस, आणि तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस.

मी दुकानदार आहे. ज्याला भाव आधीच ठाऊक असतो तो भाव विचारत नाही.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

तू खोटं बोलली नाहीस. “शनिवारी आली होती.”

“माझं नातवंड तुला आधी कळलं?”

“शैला, ती तालीम करायला आली होती. तुला कसं सांगायचं याची. तिला तुझी भीती वाटते. वाईट बातमी सांगायची नाही वाटत, चांगली सांगायची वाटते.”

“ही भीती तूच घातली असशील. तू मुलं नाही काढलीस, आता दुसऱ्यांची पळव.”

हे मी बोलले. तुझा चेहरा पांढरा झाला आणि पहिल्यांदाच तुझा आवाज चढला, “चालती हो माझ्या घरातून!” भाऊजी धावत आले. मी लिंबं ओट्यावर ओतली, पिशवी घेतली आणि चालती झाले. जिन्यावरून एक लिंबू माझ्या मागे टपटप उतरत आलं. ते मी उचललं नाही.

त्यानंतर किती सोमवार मी घरी बसून काढले! नवरा म्हणायचा, जा ना एकदाची, घरात डोकं खाऊ नकोस. मी जाणार नव्हते. सौद्यात जो आधी दुकानाबाहेर पडतो त्याला परत बोलवायचं काम दुसऱ्याचं असतं. आणि तू आलीस. ऐन मे महिन्यात, भर दुपारी, रस्त्यावर कुत्रं नव्हतं तेव्हा, छत्री घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहिलीस.

“लिंबं संपली,” तू म्हणालीस.

“नौपाड्यात मिळत नाहीत?”

“मिळतात. जाड सालीची.”

मी तुझ्याकडे बघितलं नाही. तागा काढला, निळाच, आणि म्हटलं, “टोक धर.” तू धरलंस. आपण दोघींनी ते कापड उलगडलं, परत गुंडाळलं, विकायचं तर नव्हतंच. मदतनीस बाई वेड्यासारखी बघत होती. नंतर उसाचा रस पिताना तू सांगितलंस, भांडणं सगळ्यांचीच होतात, त्यावरून काही कळत नाही. एकानं वाकडंतिकडं का होईना बोट पुढे केलं की दुसरा ते धरतो का, एवढंच बघायचं असतं. “तू धरलंस,” म्हणालीस. मी म्हटलं, “मी कापड दिलं, बोट नाही.” तू इतकी हसलीस की रस नाकात गेला.

आणि त्या दिवशी जाताना माझ्या कोपऱ्यातली कात्रणं मागून नेलीस. पडद्यांची उरलेली, फुलाफुलांची. “फेकतेसच ना? दे मला, उपयोगी पडतील.” मला वाटलं, ओटा पुसायला.

आपला एक वाद अर्धाच राहिला, तो सांगते. आमच्या मजल्यावर नवीन कुटुंब आलं. मी त्यांना वाटीभर अळूवडी दिली. दुसऱ्याच दिवशी वाटी परत आली, साखर भरून. मी तुला कौतुकानं म्हटलं, “बघ, वळण आहे. रिकामं भांडं परत करत नाहीत.” तू लिंबं पुसत होतीस.

“हिशोब मिटवला त्यांनी,” तू म्हणालीस.

“हिशोब कसला? रीत आहे ती!”

“रीत आहेच. पण कुणासाठी? नवख्या माणसासाठी. दिलं, घेतलं, फिटलं. जिथे पटकन फेडलं जातं तिथे नातं दुकानातलं असतं. घरच्या माणसाशी कोण फेडाफेड करतं? केतकी तुझा डबा परत करते तेव्हा साखर भरून देते का?”

“ती धुऊन पण देत नाही!”

“मग?”

“म्हणजे तुमच्या शास्त्रात उधारी ठेवली की प्रेम का? असं असेल तर डोंबिवलीतलं अर्धं गाव माझ्यावर जीव टाकतं.”

तू हसलीस. बोलता बोलता माझी पिशवी झटकलीस, तिची घडी घातलीस आणि माझ्या हातात दिलीस. मी म्हटलं, “हे मला पटलेलं नाही. पुढच्या सोमवारी बोलू.” तेवढ्यात भाऊजी दारात आले, “माझा चहा?” पुढच्या सोमवारी तुला बरं नव्हतं. त्याच्या पुढच्या सोमवारी दवाखाना. तिथे मी हा वाद काढला नाही. काढायला हवा होता. तुझ्या नाकात नळी होती तरी तू जिंकली असतीस, पण उत्तर तरी मिळालं असतं.

तू सांगून ठेवलं होतंस म्हणून तेराव्याचं जेवण वगैरे काही नव्हतं. भाऊजींनी संध्याकाळी सगळ्यांना घरी बोलावलं. नेमका सोमवार. मी केतकीला घेऊन आले आणि हातात लिंबांची पिशवी होती. आता कुणासाठी, असं केतकीनं विचारलं नाही, बरं झालं. तुझ्या घरी रिकाम्या हातानं जायची माझ्या पायांना सवय नव्हती.

मी समजत होते, चारदोन नातेवाईक असतील आणि मी असेन. तर दारात चपलांचा ढीग. बसायला सतरंजी पुरेना. मी कोण, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. एक टिटवाळ्याच्या कमलताई होत्या, वयस्कर, लुगडं नेसलेल्या. त्या सांगायला लागल्या, “बाई मला म्हणायच्या, कमलताई, तुमच्या परसातल्यासारखी मेथी मला कुठं मिळत नाही. मी दर बुधवारी घेऊन यायचे.” मग वर्तकनगरचे सामंत. बायको गेल्यापासून एकटे राहतात. ते म्हणाले, भिंतीवरच्या तुझ्या जुन्या घड्याळाला चावी द्यायला ते दर शनिवारी यायचे. “त्यांना ती जमायची नाही ना.” भाऊजी इंजिनियर म्हणून रिटायर झालेत, मेधा! आणि घरातल्या घड्याळाला चावी द्यायला वर्तकनगरहून माणूस?

एकेक जण बोलत होता आणि माझी कानशिलं तापत होती. बुधवार हिचा, शनिवार त्याचा. प्रत्येकाला काम, प्रत्येकाला ‘तुमच्यासारखं कुणाला जमत नाही’. प्रत्येकजण टोक धरून बसलेला, अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कापड उलगडलेलं आणि आम्ही सगळे आपापल्या टोकाला एकटेच उभे.

मग बरण्या निघाल्या.

कमलताईंनी पिशवीतून काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. “बाईंची होती. लिंबाचं लोणचं द्यायच्या दर वर्षी. खास माझ्यासाठी घातलंय म्हणायच्या. आता बरणी ठेवून काय करू, आणली परत.” बरणी रिकामी नव्हती. शेंगदाणे भरलेले. सामंतांनीही काढली. तिच्यात साखर. मागून कुणी तांदूळ घालून आणलेली, कुणी खडीसाखर. न सांगता सवरता सगळ्यांनी तुझी भांडी परत आणली होती आणि कुणीही रिकामी आणली नव्हती. टेबल भरून गेलं. आणि प्रत्येक बरणीच्या तोंडाला कापडाचा दादरा बांधलेला, फुलाफुलांचा, पट्ट्यापट्ट्यांचा. माझं कापड मी अंधारात चाचपून ओळखते.

“काय चव होती हो त्या लोणच्याला,” सामंत म्हणाले, “लिंबं कुठून आणायच्या कोण जाणे.”

“मी आणायचे!” मी ओरडले. “कल्याणहून, एकेक दाबून, मी आणायचे. आणि मला त्या लोणच्याची फोड नाही मिळाली आजपर्यंत! माझी पिशवी रिकामी यायची, दर सोमवारी, रिकामी!”

सगळे माझ्याकडे वळले. तुझा फोटोसुद्धा माझ्याकडे बघत होता. कमलताई सरकत माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “असं कसं हो? तुम्हाला कशा विसरल्या बाई?” त्यांच्या आवाजात कणव होती, आणि त्या कणवेइतकं मला त्या दिवशी दुसरं काही झोंबलं नाही. बुधवारवाली बाई सोमवारवालीची कीव करते!

केतकी मला उठवून बाहेर घेऊन आली. जिन्यात मी तिला म्हटलं, “ती सगळ्यांना तेच म्हणायची. तेच शब्द. सगळं शिकलेलं, पुस्तकातलं. मी तिचं गिऱ्हाईक होते.”

केतकी कठड्याला टेकली. “आई, तू मला प्रश्न विचारायचीस ना, ‘कसं कळलं, तेव्हा तू कुठे होतीस’... ते मेधामावशीचे आहेत हे मला पहिल्याच दिवशी ओळखू आलं होतं. तू इतक्या घाईघाईत विचारलेस, विसरशील म्हणून.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मग बोललीस कशाला एवढं?”

“तू पाठ करून आली होतीस म्हणून,” ती म्हणाली. “माझ्यासाठी कोण पाठ करतं?”

 मी त्या जिन्यावर बसले, जिथून ते लिंबू टपटप उतरत आलं होतं, आणि रडले. रागानं रडले, असं लिहायचं माझ्या मनात होतं. पण तू वाचत असशील तर तुला फरक कळेलच.

तेवढ्यात भाऊजी खाली आले. माझी पिशवी आतच राहिली होती, ती त्यांच्या हातात. “शैलाताई, विसरलात.” मी घेतली. बरं बोलायच्या मनःस्थितीत मी नव्हते आणि तेही नव्हते. रिक्षात बसल्यावर जाणवलं, पिशवी जड आहे. वाटलं, लिंबंच परत दिली. घरी येऊन केतकीनं पिशवी टेबलावर ठेवली आणि आत हात घातला. बरणी. भरलेली. फोडी मुरून मधासारख्या झालेल्या, तोंडाला निळा दादरा, त्याच पहिल्या ताग्यातला.

इतकी वर्षं जे मिळालं नाही म्हणून मी चार लोकांत तमाशा केला, ते समोर होतं. आणि मला काय झालं सांगू? दुकानात शेवटचा भाव सांगून गिऱ्हाईक उठतं आणि आपण त्याला जाऊ देतो, तेव्हा हातचं गेल्यासारखं वाटतं, तसं झालं.

कारण त्या टेबलावरच्या बरण्या मी बघितल्या होत्या, मेधा. ज्यांना तू भरून दिलंस त्यांनी तुला भरून परत केलं. शेंगदाणे, साखर, तांदूळ. फिटलं. आणि माझ्याकडे तुझं काही नव्हतं जे मला परत करावं लागेल. माझ्याकडे फक्त घडी घातलेली रिकामी पिशवी होती, दर सोमवारी नव्यानं भरायला. तू कमलताईंशी गोड बोललीस, सामंतांशी गोड बोललीस, आणि ‘चालती हो’ फक्त मला म्हणालीस. या सगळ्याचा एक अर्थ मला लागतो, तुझाच: घरच्या माणसाशी कोण फेडाफेड करतं? पण मी लावलेला अर्थ काय कामाचा? माझ्याच मालाला मीच सांगितलेला भाव तो. तो भाव समोरच्यानं बोलायचा असतो. तू बोलली नाहीस. अर्धा वाद ठेवून गेलीस. हीच फसवणूक, लोणच्याची नव्हे.

आणि उलटही असेल. मी खरंच फक्त लिंबूवाली असेन. लिंबूवाल्याला कोण लोणचं देतं? रात्रंदिवस मी या दोन भावांमध्ये हेलपाटे घालतेय. मला त्या बुधवारवालीचा हेवा वाटतो, तिला निदान ‘खास तुमच्यासाठी’ असं तोंडानं तरी म्हणालीस. खोटं असलं तरी तिच्याकडे शब्द आहे. माझ्याकडे पिशवी.

आता तू उत्तर देणार नाहीस. म्हणून हे मी भाऊजींना विचारते, इथे, छापून, सगळ्यांसमोर, म्हणजे त्यांना चहाचं निमित्त करून सटकता येणार नाही.

भाऊजी, ही बरणी तिनं माझ्यासाठी वेगळी काढून ठेवली होती, की मी ओरडले म्हणून माझं तोंड बंद करायला तुम्ही फडताळातून उचलून घातलीत? तिनं ठेवली असेल तर मला तसं सांगा, मग मीही त्या टेबलावरच्यांतलीच एक, आणि मी ते गिळीन. पण तुम्ही घातली असेल, तर तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळलंय का? तिनं इतकी वर्षं जो हिशोब उघडा ठेवला होता, तो तुम्ही जिन्यातल्या जिन्यात मिटवून टाकलात.

मी दादरा सोडलेला नाही. सोमवारी येतेय. बरणी आहे तशी परत आणतेय. भरलेलीच आहे, तेव्हा रीतही मोडत नाही. सोबत लिंबं असतील, पातळ सालीची. ती ठेवून घ्यायची, पिशवी झटकायची, घडी घालायची आणि रिकामी माझ्या हातात द्यायची. आणि देण्याआधी, भाऊजी, मला सांगायचं: माझी पिशवी तुम्ही कुणाला विचारून भरलीत?